साहेबाच्या कमरेचं माप

कपडे अल्टर करून देणाऱ्या मावशींना नुसत्या नजरेनं माप कळतं, असं सगळी गल्ली म्हणायची. दारातून येणाऱ्या बाईचा घेर त्या टेपला हात न लावता सांगत. घरात मात्र दिव्याखाली अंधार. त्यांचा बोका इतका फुगला की चिंध्यांच्या पेटीत मावेना, तरी मावशी म्हणायच्या, "अंगानं भरलाय जरा, साहेब आहे तो!" साहेब हेच त्याचं नाव.

मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या फासळ्या चाचपल्या. चरबीखाली एकही हाताला लागेना.

"वजन उतरलं नाही तर मधुमेह होईल बरं का. मग जन्मभर इंजेक्शनं. पण एकदम उपाशीही ठेवू नका, मांजरांचं लिव्हर बिघडतं. मोजून द्या आणि पळवा त्याला."

मावशींचा नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात बोलायला हा एवढाच जीव होता.

मोजण्यात त्यांचा हात कोण धरणार? छोट्या वाटीनं दोन वेळचे कॅट-फूडचे दाणे, दूध बंद, दोरीला चिंधी बांधून घरभर पळापळ, आणि दर रविवारी कमरेला टेप. साहेबानं रुसून पडदा फाडला. दोन महिने गेले, टेप अर्धा इंचही हलेना.

"आणखी काय खातो? लपवू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझ्या ताटातला घासही देत नाही हो. यांच्या ताटात उरतं, तेवढंच काय ते."

"तिथंच तर घोळ आहे! यजमानांना सांगा, म्हणावं बोक्याचे लाड पुरे."

दोन वर्षं मावशींचा हात दोघांपुरतंच शिजवत होता, ताटंही दोनच वाढत होता. दुसऱ्या ताटातलं टाकवायचं नाही, ते साहेबापुढं जायचं. हे सांगायचं कुणाला? वेडीच म्हणाले असते लोक.

"बरं, सांगते," त्या म्हणाल्या.

आणि संध्याकाळी खरंच सांगितलं. समोरच्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या, "आजपासून तुमचं वाढणार नाही हो. साहेबाला शुगर होईल. रागावू नका."

मग त्यांनी सगळ्यांत लहान पातेलं काढलं. एकट्या माणसाला मीठ किती लागतं, तेच त्यांना ठाऊक नव्हतं. जेवण खारट झालं. रडत रडत त्यांनी शेवटच्या घासापर्यंत संपवलं, मागे काही उरू दिलं नाही.