राब आणि तीन श्वास

माझा राग नाकाच्या शेंड्यावर. नव्वदच्या दशकात एका उन्हाळ्यात सापगावाजवळच्या आमच्या वस्तीतल्या विहारात एक भन्तेजी आले होते. ते म्हणाले, "राग आला की आधी तीन श्वास बघायचे, मगच बोलायचं." मला ते फारच पटलं. बायको काही टोचून बोलली की मी डोळे मिटून श्वास बघू लागलो. भांडणं खरंच कमी झाली. पण हळूहळू तीही बोलेनाशी झाली. असं का व्हावं, ते मला कळेना.

मग राब भाजायचा दिवस आला. भाताचं रोप जिथे करायचं, त्या जागेवर शेण, झाडांचा टहाळ, वाळक्या पानांचा पातेरा पसरून वाऱ्याविरुद्ध पेटवतात. तशी आग सावकाश सरकते आणि माती नीट भाजते. मी घाईत उलट्या टोकाला काडी लावली. आग सरसर पळाली.

"माती कच्चीच राह्यली," बायको म्हणाली.

मला झोंबलं. मी डोळे मिटले. एक, दोन, तीन.

"अवो, असं गप होता तवा करता तरी काय?"

"श्वास बघतो."

तिने काठीने राख उकरली. "बरंय. आनि मी बोलते तवा माझ्याकडं कोन बघतो?"

मी डोळे उघडले. लग्नाला आठ वर्षं झाली होती. तिच्या भुवईतला जुना व्रण मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"हे कधी लागलं गो?" मी विचारलं.