सर्व्हरचा दसरा

आमच्याकडं नवरात्राआधी दसरा काढतात. म्हणजे घरातलं एकूणएक पांघरूण, डबा, फडताळ धुऊनपुसून लख्ख करायचं. परंड्याच्या वाचनालयाचा लिनक्स सर्व्हर मी हौसेनं सांभाळतो. यंदा उत्साहाच्या भरात मी त्याचाही दसरा काढला.

चार दिवसांनी वीज गेली, इन्व्हर्टरही दमला. वीज आल्यावर सर्व्हर सुरू झाला, पुस्तकांची यादी मात्र उघडेना. शाळेत मला शिकवलेले गुरुजी निवृत्तीनंतर तिथं ग्रंथपाल आहेत. ती यादी त्यांनी एका बोटानं, तीन वर्षं खपून टाइप केलेली. ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

यादीचं सॉफ्टवेअर सुरू करणाऱ्या स्क्रिप्ट फायलीच जागेवर नव्हत्या. पॅकेजच्या, म्हणजे सॉफ्टवेअर ज्या तयार गठ्ठ्यातून बसवलं त्याच्या, नोंदीत त्यांची नावं होती, डिस्कवर पत्ता नव्हता. मी लगेच पॅकेज बनवणाऱ्यांचा उद्धार सुरू केला. "फुकटातलं असंच असतंय गुरुजी. अर्धवट फायली पाठवतात."

"कालपस्तोर तर चालत व्हतं की," गुरुजी म्हणाले. "ह्या मशिनीत कोण काय केलं त्याची नोंद ऱ्हात न्हाय का?"

राहते. मी ऐटीत ती उघडली. चार दिवसांपूर्वीची माझीच आज्ञा समोर आली: सॉफ्टवेअरच्या फोल्डरमधल्या, वर्षभरात काही बदल न झालेल्या सगळ्या फायली पुसून टाक. सुरू असलेलं सॉफ्टवेअर फायली पुसल्यावरही मेमरीतून चालत राहिलं, वीज जाऊन ते बंद पडलं तेव्हा कुठं घोळ उघडा पडला. आता यादीही त्यातच गेली असली तर? मला घाम फुटला.

गुरुजींना सगळं खरं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले आणि आतून जुनी लाकडी कार्डपेटी घेऊन आले. ही पेटी रद्दीत घाला म्हणून वर्षभर मीच त्यांच्या मागं लागलो होतो.

चष्मा पुसून त्यांनी पहिलं कार्ड काढलं. "म्या वाचतो, तू टाइप कर. तीन वर्षं लागतील, दुसरं काय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पॅकेज पुन्हा बसवलं. स्क्रिप्ट परत आल्या, आणि पाठोपाठ यादी उघडली, शेवटच्या पुस्तकासकट. गुरुजी तिच्यात सतत नवी पुस्तकं चढवत असत, म्हणून ती वर्षभर न बदललेल्या फायलींत सापडली नव्हती. गुरुजींनी हातातलं कार्ड पडद्याशी ताडून पाहिलं आणि मोठ्ठा श्वास सोडला.

पेटी माळ्यावर मीच चढवली. वरची धूळ झटकायला फडकं उचललं, तर खालून गुरुजी ओरडले, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे! तू काही पुसू नको बाबा."