चुकलेला बॉल

पालेगावच्या बास्केटबॉल कोर्टावरच्या त्या उंच ताईंमुळे मी आज उल्हासनगरला जीन्स शिवते. नाव विचारायचं राहूनच गेलं. बास्केटबॉल खेळणं हीच त्यांची नोकरी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर टीममध्ये परतायचं म्हणून रोज सकाळी एकट्याच सराव करायच्या.

मी नववीत शाळा सोडून हिंगोलीहून आलेली. कारखान्यात ट्रायलला खिशाची शिलाई वाकडी गेली आणि शेठ नको म्हणाला. आता गावी परत जावं लागणार, या धास्तीनं मी कोर्टाच्या कट्ट्यावर बसले होते. त्यांचा बॉल रिंगला लागून माझ्याकडे आला. मी उचलायला वाकले.

"ए, हात नको लावू." त्या लंगडत धावत आल्या. "चुकलेला बॉल मीच आणणार. मॅचमध्ये कोण आणून देणारे?"

मग माझा चेहरा बघून त्यांनी काय झालं ते विचारलं. मी सांगितलं.

"एकदाच नाही म्हणाला ना? जा, परत ट्रायल माग."

"शेठ ओरडला तर?"

"ओरडू दे. आमचा कोच काय आरती ओवाळतो?"

मी गेले. दुसरा खिसा सरळ आला.

त्याच सांगत होत्या, त्यांच्या उंचीला बाजारातली कुठलीच जीन्स पुरत नाही, घोट्याच्या वरच राहते. एक दिवस त्यांच्या मापाची जीन्स मी स्वतः शिवून त्यांना देणार आहे.