हळद आणि मठ्ठ्याचा बर्फ

परतूरच्या शाळेत मी दहावीला विज्ञान शिकवते. मस्तिष्कपुच्छ, म्हणजे मेंदूचं शेपूट, आपल्याला न विचारता श्वास चालवतं, काळजाचे ठोके कमी-जास्त करतं, हे सांगितलं की पोरं खिदळतात. मी रागावते. पण माझ्या हळदीच्या दिवशी ते शेपूट मला चारचौघांत कामाला लावावं लागलं.

मंठ्याच्या मंगल कार्यालयात दोन्हीकडची मंडळी जमली होती. होणाऱ्या सासूबाई नवरदेवाची उष्टी हळद घेऊन आल्या, माझ्या गालांना लावली, आणि माझं काळीज सुटलं. धडधड धडधड, मोजता येईना. हा माझा जुनाच ताप. जालन्याच्या डॉक्टरांनी सगळं तपासून उपाय सांगितला होता: बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवून श्वास धरायचा. शेपटाला वाटतं बाईनं डुबकी मारली, अन् ते ठोक्यांना लगाम घालतं. नवरदेवाला हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्या शहाण्यानं घरी सांगितलंच न्हाई, हे मला त्याच्या मावशीचं तोंड बघून कळलं.

"पोरीला फिट येती का काय?" मावशी म्हणाली.

झालं, मोडलं लग्न, असं वाटलं. आणि मला तो पोरगा जाम आवडला होता. आईच्या तोंडचं पाणी पळालं. मी कशीबशी म्हणाले, "मठ्ठ्याचा बर्फ आणा, जल्दी." आचाऱ्यानं बर्फाच्या पाण्याचं अख्खं घमेलंच आणलं. मी फुलांचे दागिने उतरवले आणि सगळ्या बायकांसमोर तोंड बुडवलं. नाक गार, कान गार, वर डीजे चालूच. छातीत एक मोठा धक्का, मंग काहीच न्हाई, मंग टक, टक, बिलकुल बराबर. वर आले ती हसतच. नाकातून पिवळं पाणी गळतंय आणि मला हसू आवरेना.

बाकी कुणी हसलं नाही. सासूबाईंनी माझं मनगट धरलं, बराच वेळ धरून बसल्या.

"आक्का, इचार कर," मावशी पुटपुटली.

सासूबाईंनी घमेल्यात पाहिलं. "हळद तर सगळी पाण्यात गेली," त्या म्हणाल्या. माझं हसणं थांबलं.

मग त्यांनी पदरानं माझं तोंड खसाखसा पुसलं, हळदीची वाटी पुढं ओढली आणि पहिल्यापासून लावायला घेतली.

"हनुवटी वर कर," म्हणाल्या.