नसलेल्या पेट्यांची चोरी

ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. दोन हजार सालानंतरचा एक आंबा हंगाम. मी रत्नागिरीत ठाण्याचा प्रभारी होतो. एका आंबा कंपनीचे मालक लेखी तक्रार घेऊन आले. गोदामातून हापूसच्या पेट्या चोरीला जात होत्या आणि संशय मुकादमावर होता.

कंपनीने गोदामाचा संगणक नुकताच आपल्या पोर्टलला जोडला होता. शिल्लक पेट्यांचा आकडा मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना थेट दिसे आणि ते मागणी नोंदवत. पोर्टलवर पेट्या होत्या, गोदामात नव्हत्या.

स्टेशन डायरीला नोंद करून मी प्राथमिक चौकशी सुरू केली. मुकादमाचा मेहुणा राजापुरात आंबे विकतो, अशी खबर मिळाली. हवालदार जाऊन आला. आंबे मेहुण्याच्या स्वतःच्या बागेतले निघाले.

मुकादमाला बोलावले. गुन्हा दाखल झाला असता, तर जिल्ह्यातल्या एकाही गोदामात त्याला काम मिळाले नसते. हे तोही जाणून होता.

"पेट्या गेल्या कुठे?"

"आल्या तेवढ्या गाडीत चढवल्या, सायब."

"मग संगणक खोटं बोलतो?"

"ते मला काय म्हाईत? त्यालापण आणून बसवा हितं बाकावर."

हवालदाराला हसू आवरेना. चोराकडे सहसा प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तयार असते. हा माणूस माहीत नसेल तिथे सरळ 'म्हाईत नाय' म्हणत होता. मी अटक लांबवली आणि पंचांना घेऊन पेट्या मोजायला गोदामात गेलो.

तिथे अढी उघडणे चालू होते. पेंढ्यात पिकायला घातलेला आंबा बायका निवडून नव्या पेटीत भरत होत्या. पेटी भरली की कारकून संगणकावर नोंद करी.

"ही पेटी कधी आली?" मी विचारले.

"आली नाही, साहेब. आंबा बागेतून मागेच आला. आज पिकला म्हणून परत भरला."

"मग नोंद कसली केलीत?"

"आवक. बागेतून आला की एकदा, पिकून भरला की एकदा. दरवर्षीची पद्धत आहे."

पूर्वी शिल्लक पेट्या ग्राहकांना फोनवर कळवण्याआधी गोदामाचे व्यवस्थापक संगणकातल्या आकड्यातून कच्च्या आंब्याची आवक मनातल्या मनात वजा करीत. पोर्टल जोडल्यावर फोन बंद झाले आणि वजाबाकीही. ज्यांनी जोडणी केली, त्या पुण्याच्या अभियंता बाईंना मी ठाण्यातून फोन लावला.

"आवकेचा आकडा जोडा, एवढंच मला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "एकच आंबा दोनदा येतो, हे कोणी बोललंच नाही!"

दुबार नोंदी काढल्या. उरलेला आकडा पंचनाम्यातल्या मोजणीशी जुळला. मालकांनी गैरसमज झाल्याचा जबाब दिला आणि मुकादमाकडे वळून ते म्हणाले, "चला, गाडी भरायची आहे."

मुकादम जागचा हलला नाही. "सायब, माझं नाव कुठं ऱ्हायलं नाय ना?"

"गुन्हाच दाखल नाही. जा."

त्याने सुटकेचा निःश्वास सोडला. खरे सांगायचे तर मीही सोडला. पुढे सेवेत असेपर्यंत चोरीच्या तक्रारीत मी एक प्रश्न आधी विचारत आलो: गेलेला माल मुळात होता का? तो प्रश्न विचारण्याआधी मी अटक केली असती, तर एका निर्दोष माणसाला पुन्हा उभे राहता आले नसते.