ओठांपुरता उजेड

रोज खिशात राहील अशी छोटी एलईडी टॉर्च घ्यायला मी घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या एका दुकानात गेलो होतो. शेजारी साठीच्या एक बाई टॉर्चच बघत होत्या. दुकानदाराने आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात झोत मारून गुजरातीत सांगितलं, "मासी, आ बहु पावरफुल छे."

बाईंनी ती हातात घेतली आणि सरळ स्वतःच्या तोंडावर धरली. डोळे दिपले तशी मान हलवून त्यांनी दुसरी मागितली. ती हनुवटीखाली धरून पाहिली, मग गालाजवळ. बटण पुन्हा दाबून उजेड कमी केला. मी बघतच राहिलो.

मघाशी मी फोनवर मराठीत बोललेलं त्यांनी ऐकलं असावं. "भाऊ, जरा आत या ना," त्या म्हणाल्या, "मी काय बोलते ते ओळखा." अंधाऱ्या कोपऱ्यात उभं राहून, टॉर्च हनुवटीखाली धरून, आवाज न काढता त्यांनी ओठ हलवले.

"भात लावू का?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा खुलला. "बरोबर. आमच्या ह्यांना ऐकू येत नाही. ओठ बघून सगळं कळतं त्यांना. पण संध्याकाळी लाइट गेली की आमचं बोलणंच थांबतं."

"मग काय करता?"

"काय करणार, हात धरून बसतो. पण हातात हात घेऊन भाताचं कसं विचारणार?"

पैसे देऊन ती मंद उजेडाची टॉर्च पिशवीत टाकून त्या निघून गेल्या. दुकानदाराने मला विचारलं, उजेड किती लांब जायला हवा? मी समोरची एक टॉर्च उचलली आणि आधी स्वतःच्या हनुवटीखाली धरून पाहिली.