टेनरसमोर माइक नव्हता

आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा इंग्रजी उपासना होते. तिच्यात आम्ही आठ-दहा जण वाद्यांशिवाय, चार आवाजांत, शेकडो वर्षांपूर्वीच्या इंग्रजी चालींवर स्तोत्रं गायचो. या चालींची एक खोड आहे. मूळ चाल टेनरकडे, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाकडे असते. बायकांचा वरचा आवाज, सोप्रानो, तिच्यावर नक्षी काढतो. टेनर ऐकू आला नाही तर उरते नुसती नक्षी.

चर्चच्या नव्या कमिटीची तक्रार अशी की मंडळीला, म्हणजे उपासनेला येणाऱ्या लोकांना, आमच्याबरोबर गाता येत नाही. ठरलं, एक रविवार बघायचं. मंडळी गायली तर आम्ही राहू, नाहीतर कीबोर्ड. आमचा कॉयर बसवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. गुडघ्यांचं दुखणं सांभाळत त्या द्वारका चौकाच्या गर्दीतून रोज तालमीला आल्या. मंडळीला त्यांनी एकच सांगून ठेवलं, टेनरच्या मागे चला.

त्या रविवारी कमिटीच्या अध्यक्षांनी प्रमुख पाहुणे बोलावले, शाल आणली आणि भाड्याची साउंड सिस्टिमही. देवाला ऐकू कमी येतं अशी त्यांची समजूत असावी. सगळे माइक सोप्रानोंसमोर.

"एक तरी टेनरला द्या," बाई म्हणाल्या. "चाल त्यांच्याकडे आहे."

"बाई, गाणं लेडीजचंच असतं. जेन्ट्स मागून साथ देतात. आम्ही काय कार्यक्रम केले नाहीत?"

"केलेत ना. म्हणूनच सांगतेय."

माइक हलले नाहीत. मंडळी स्पीकरमधून येणाऱ्या आवाजामागे गेली. दुसऱ्या ओळीला निम्मे वर चढले, निम्मे खालीच राहिले; तिसरीला सगळे गप्प. मी टेनर. घसा फाडून गात होतो, पण शेजारी खालच्या आवाजात गाणाऱ्या बासलाही ऐकू गेलो नसेन.

पाहुण्यांना शाल घालून अध्यक्ष माइकवर म्हणाले, "बघा, आपल्या लोकांना हे जमत नाही." माइक त्यांनी लावले होते आणि जमत मात्र आम्हाला नव्हतं. माणूस चुकतो, त्याचं मला काही नाही. स्वतःच्या चुकीचा पुरावा आमच्याविरुद्ध वापरतो, याची चीड येते.

कीबोर्ड आला. वाजवणाऱ्याने विचारलं, चाल कुठली? अध्यक्षांनी स्वरलिपीतली सगळ्यात वरची, सोप्रानोची ओळ दाखवली. आता दर महिन्याला मंडळी ती नक्षीच चाल म्हणून गाते, आणि झोकात गाते.

बाई मागच्या बाकावर बसून टेनरची ओळ आपल्या आवाजात गातात. गेल्या वेळी शेजारणीने हलकेच त्यांच्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "बाई, तुमची चाल चुकतेय."